दुसऱ्या क्लबचं मैदान

जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब निघाला खरा, पण त्याने खेळायचं कुणाशी?

२४ ऑक्टोबर १८५७ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात नॅथानिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी शेफील्ड फुटबॉल क्लब काढला. आज चालू असलेल्या क्लबांमध्ये हाच सर्वांत जुना, हे फिफालाही मान्य आहे. क्लब होता, चेंडू होता, वर्गणी भरणारे सभासद होते, वर्षभरात नियमही लिहून झाले. पण समोर उतरेल असा दुसरा फुटबॉल क्लब आसपास कुठेच नव्हता. मग सभासद आपसांतच दोन तट पाडून खेळायचे. एखाद्या दिवशी लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. एखाद्या दिवशी आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून वाटणी, अर्धी वर्णमाला इकडे, अर्धी तिकडे.

ज्या खेळासाठी आज जगभरातले कोट्यवधी लोक रात्री जागवतात, तो एकेकाळी असा घरच्या घरात चालला होता! क्लब एकटाच असेल तोवर ते फार तर व्यायाम मंडळ. दुसरा क्लब आला की सामना होतो. सामना झाला की कुणीतरी हरतं. हरणाऱ्याला पुढच्या तारखेची ओढ लागते, जिंकणाऱ्याला मिरवायला गाव मिळतं, बघणाऱ्यांना बाजू घ्यावी लागते. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्यातला निम्म्याहून जास्त भाग हाच असतो. पहिल्या क्लबचं कौतुक सगळेच करतात, आणि ते रास्तच आहे. पण खेळाला खेळपण आलं ते दुसऱ्या क्लबामुळे.

त्या दुसऱ्या क्लबाचं नाव हॅलम एफसी. त्याचं मैदान आजही जागेवर आहे. त्या मैदानाचं नाव सँडीगेट.

शेफील्ड हे पोलादाचं शहर. चाकू-सुऱ्या, काटे-चमचे, हत्यारं यांसाठी ते शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीने गंज न चढणारं पोलाद तयार केलं, तेही इथेच. तुमच्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांचं आजोळ म्हणायचं ते हे शहर. दऱ्याखोऱ्यांत पसरलेल्या या शहराच्या पश्चिमेला चढ चढून गेलं की क्रॉसपूल नावाचा भाग लागतो. घरांच्या रांगा, एक वर चढणारा रस्ता, रस्त्यालगत ‘द प्लाऊ’ नावाचा जुना पब, आणि समोर कुंपणाच्या आत एक हिरवं मैदान. नवखा माणूस शेजारून निघून जाईल आणि त्याला कळणारही नाही की आपण गिनेस बुकात नोंद झालेलं जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान ओलांडून आलो.

किती जुनं? इथे खेळ सुरू झाला १८०४ साली. त्या वर्षी आपल्याकडे यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढत होते. कर्नल मॉन्सनच्या फौजेची त्यांनी दाणादाण उडवली आणि पुढे थेट दिल्लीला वेढा घातला. युरोपात त्याच वर्षी नेपोलियनने सम्राटपदाचा मुकुट डोक्यावर चढवला. आणि सँडीगेटवर? तिथे कुणीतरी गवत कापून खेळपट्टी आखत होतं. हो, खेळपट्टीच. कारण हे मैदान सुरुवातीला क्रिकेटचं होतं. क्रिकेटची पंढरी मानलं जाणारं लॉर्ड्स आपल्या आजच्या जागेवर आलं १८१४ साली. म्हणजे शेफील्डच्या टेकाडावरचं हे साधंसुधं मैदान आजच्या लॉर्ड्सपेक्षा दहा वर्षांनी थोरलं!

आता क्रिकेटच्या मैदानात फुटबॉल शिरला कसा? याचं उत्तर हवामानात आहे. आपल्याकडे क्रिकेट थंडीत रंगतं, इंग्लंडमध्ये मात्र तो उन्हाळ्याचा खेळ. शरद ऋतू सरला की पाऊस, चिखल, धुकं, आणि दुपारी चारलाच मावळणारा दिवस. मैदान ओस पडायचं. क्रिकेट खेळणाऱ्या तरुणांनी मग हातपाय आखडू नयेत म्हणून करायचं काय? अंग तापेल, श्वास फुलेल आणि चिखलाची पर्वा करावी लागणार नाही असं काहीतरी हवं होतं. थंडीतल्या या गरजेतून फुटबॉल क्लब उगवले. शेफील्डचं दुसरं मोठं मैदान ब्रॅमल लेन, तेही १८५५ साली क्रिकेटसाठीच उघडलं. १९०२ साली तिथे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी सामनाही झाला. आज मात्र ते शेफील्ड युनायटेड या फुटबॉल क्लबाचं घर आहे. थंडीचा पाहुणा पुढे घरमालक झाला.

सँडीगेटवर खेळणाऱ्या हॅलमच्या क्रिकेट मंडळींनी १८६० साली जॉन चार्ल्स शॉ आणि थॉमस व्हिकर्स यांच्या पुढाकाराने आपला फुटबॉल क्लब काढला. शहरातल्या क्लबाच्या मानाने ही डोंगरावरची, गावाकडची माणसं. आजही क्लबाचं टोपणनाव ‘द कंट्रीमेन’ असंच आहे.

आणि लगेच तारीख ठरली. २६ डिसेंबर १८६०. नाताळच्या दुसऱ्या दिवशीची सुट्टी. स्थळ सँडीगेट. हॅलम विरुद्ध शेफील्ड. दोन फुटबॉल क्लबांमधला, नोंद असलेला हा जगातला पहिला सामना.

त्या दिवशी कुंपणाशी उभं राहून आपण तो बघितला असता, तर ओळखला असता का? मला शंका आहे. कारण कुठले नियम वापरायचे, हाच मुळात त्या काळातला सगळ्यात मोठा गोंधळ होता. तुमच्या गल्लीतलं क्रिकेट आठवा. आमच्याकडे भिंतीपलीकडे गेला की बाद, पलीकडच्या गल्लीत तोच षटकार. इंग्लंडमधल्या फुटबॉलचं तेव्हा नेमकं असंच होतं. ईटनच्या शाळेत एक पद्धत, हॅरोत दुसरी, रग्बीत तिसरी. कुठे चेंडू उचलून पळायचं, कुठे हात लावायचा नाही, कुठे समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं हा खेळाचाच भाग. दोन शाळांची मुलं एकत्र आली की निम्मा वेळ वाद घालण्यात जायचा.

शेफील्डकरांनी १८५८ साली बसून यातून आपली वाट काढली आणि ११ नियम लिहिले. ते वाचताना गंमत वाटते आणि थक्कही व्हायला होतं. चेंडू हाताने ढकलायला किंवा टोलवायला परवानगी होती! उडता चेंडू झेलला तर फ्री किक मिळायची. समोरच्याला हाताने ढकललं तरी चालायचं. पण पाय अडकवून पाडणं आणि नडगीवर लाथ मारणं कोणत्याही परिस्थितीत मंजूर नव्हतं. ऑफसाइडचा पत्ताच नव्हता. म्हणजे खुशाल गोलच्या तोंडाशी तळ ठोकून बसा आणि चेंडूची वाट बघा. किती जणांनी खेळायचं याचाही नियम नव्हता. शेवटचा, अकरावा नियम तर टोप्यांचा! प्रत्येक खेळाडूने फ्लॅनेलची एक लाल आणि एक गडद निळी टोपी स्वतःची स्वतः आणायची, आणि एका बाजूने एक रंग घालायचा. संघाच्या रंगीत जर्सीचा हा पूर्वज डोक्यावर बसलेला होता.

तर त्या दिवशी सँडीगेटवर हा असा खेळ झाला. शेफील्डने तो २–० असा जिंकला. म्हणजे जगातल्या पहिल्या क्लब-सामन्यात यजमान हरले. दोन दिवसांनी स्थानिक वृत्तपत्रात त्याचं वर्णन छापून आलं, आणि त्यातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. बघे बरेच जमले होते, आणि ते गप्प उभे नव्हते. चांगलं खेळणाऱ्याला त्यांनी भरभरून दाद दिली, आणि निसरड्या मैदानावर घसरून पडणाऱ्याची गावरान भाषेत मनसोक्त टर उडवली. पहिल्याच सामन्यात! अजून खेळाचे नियम पक्के व्हायचे होते, गोलला जाळी लागायची होती, शिट्टी वाजायची होती. पण प्रेक्षक मात्र पहिल्या दिवसापासून तयारीत होता.

आणि लागण बघा कशी पसरते. दोनच वर्षांत शेफील्डच्या आसपास पंधराच्या घरात क्लब झाले. एकाला दुसरा मिळायला तीन वर्षं लागली होती. दुसरा मिळताच तिसरा, चौथा, दहावा असे क्लब उगवत गेले. प्रतिस्पर्धी असणं ही किती सुपीक गोष्ट आहे!

पुढचा मुक्काम डिसेंबर १८६२. पुन्हा नाताळचा आठवडा, पुन्हा हेच दोन क्लब, पण या वेळी ब्रॅमल लेनवर. या सामन्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडला येणारा अमेरिकी कापूस थांबला. शेफील्डच्या शेजारच्या लँकेशायर परगण्यातल्या कापड गिरण्या बंद पडू लागल्या, हजारो कामगारांच्या चुली विझल्या. त्यांच्यासाठी मदतनिधी उभा राहिला, आणि त्याला हातभार म्हणून हा फुटबॉल सामना ठेवला गेला. आता नकाशावर बोट पूर्वेला सरकवा. अमेरिकेचा कापूस थांबताच इंग्लंडने आपल्या कापसाकडे धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांचं नाव घराघरांत पोचलं, समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो सगळा फुगा फुटला. एका युद्धाने मुंबईला धनाढ्य केलं आणि लँकेशायरला उपाशी ठेवलं. त्याच युद्धाच्या झळीतून शेफील्डमध्ये धर्मादाय फुटबॉल सामना जन्मला. इतिहासाची सुतं कुठून कुठे जातात!

धर्मादाय सामना, पण मैदानावर दयामाया नव्हती. शेफील्डचा संस्थापक क्रेसविक चेंडूसाठी झगडत होता, तेव्हा हॅलमचा वॉटरफॉल त्याच्या अंगावर धावून गेला. ठोसे पडले. वॉटरफॉलने वास्कीट काढून फेकलं आणि तो रीतसर मारामारीला उभा राहिला. प्रेक्षक मैदानात शिरले. अखेर शहाण्या माणसांनी मध्ये पडून सोडवासोडव केली. आणि वॉटरफॉलला शिक्षा काय झाली म्हणाल? त्याला गोल राखायला पाठवलं! लाल कार्ड निघायला अजून शंभराहून जास्त वर्षं होती, त्यामुळे रागीट माणसाला सर्वांपासून लांब उभं करण्याचा हा तोडगा तसा अक्कलहुशारीचाच. सामना ०–० असा सुटला.

या शून्य-शून्यमध्येच पुढच्या नवलाची किल्ली आहे. त्या काळी शेफील्डमध्ये गोलचे खांब फक्त १२ फुटांच्या अंतरावर असत. आजचा गोल २४ फूट रुंद असतो, म्हणजे बरोबर दुप्पट. इतक्या अरुंद दारातून चेंडू घालायचा तर समोर माणसांची भिंत. सामन्यामागून सामने कोरे सुटायचे. मग जिंकलं कोण हे ठरवायचं कसं?

शेफील्डकरांनी ईटनच्या शाळेतल्या खेळातून एक युक्ती उचलली. तिचं नाव रूज. गोलच्या दोन्ही खांबांच्या बाहेर आणखी १२-१२ फुटांवर एकेक झेंडी रोवायची. चेंडू गोलात गेला नाही, पण खांब आणि झेंडी यांच्या मधून मागे गेला, आणि हल्ला करणाऱ्या संघातल्या खेळाडूने धावत जाऊन सगळ्यांच्या आधी त्याला हात टेकवला, तर एक रूज. गोलसंख्या सारखी असेल तर ज्यांचे रूज जास्त ते जिंकले. पण एक गोल झाला की समोरच्यांचे कितीही रूज असोत, फुकट. किती सुंदर तोडगा आहे बघा! हुकलेल्या फटक्यालाही किंमत आली, आणि गोलचा मानही राखला गेला.

याच रूजच्या जोरावर हॅलमने असं काही मिळवलं, जे त्याच्यापासून कुणीच काढून घेऊ शकत नाही. १८६७ साली शेफील्डमधले नाटकगृहाचे मालक थॉमस यूडन यांनी फुटबॉलसाठी एक चषक ठेवला. १२ क्लब उतरले. हरला तो बाहेर, जिंकला तो पुढे. मार्च महिन्यात ब्रॅमल लेनवर अंतिम सामना झाला, बघायला ३००० माणसं लोटली. हॅलम विरुद्ध नॉरफोक. गोल कुणालाच करता आला नाही. हॅलमचे रूज दोन, नॉरफोकचा एकही नाही. यूडन चषक हॅलमचा! जगातली ही पहिली फुटबॉल स्पर्धा. प्रसिद्ध एफए कप सुरू व्हायला अजून चार वर्षं होती, आणि आपल्याकडचा ड्युरँड चषक तर २१ वर्षांनी, १८८८ मध्ये यायचा होता. आज जगात जिथे जिथे कुणी कप्तान चांदीचा चषक डोक्यावर उंचावतो, त्या प्रत्येक क्षणाच्या मागे हा नाटकवाला आणि हा डोंगरावरचा क्लब उभा आहे.

तो चषक पुढे हरवला. पिढ्या उलटल्या. आणि १९९७ साली तो सापडला, कुठे तर स्कॉटलंडमधल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे. जगातला पहिला फुटबॉल चषक अखेर घरी आला, आणि त्यासाठी क्लबाला स्वतःचाच चषक पैसे मोजून विकत घ्यावा लागला.

रूजचं पुढे काय झालं? गोल रुंद झाला आणि रूजची गरज संपली. १८६८ च्या सुमारास शेफील्डने तो रद्द केला. पण मग प्रश्न पडला, चेंडू गोलच्या बाजूने मागे गेला तर करायचं काय? पूर्वी तिथे हात टेकवायची शर्यत लागायची. आता? शेफील्डच्या नियमांनी सांगितलं, मैदानाच्या कोपऱ्यातून चेंडू पुन्हा आत मारा. झाली की कॉर्नर किक तयार! लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने ती १८७२ साली स्वीकारली. आज कॉर्नर मिळाला की सबंध स्टेडियम उभं राहतं, उंच बचावपटू पळत पुढे येतात, गोलरक्षक ओरडून माणसं लावतो. त्या सगळ्या धामधुमीचा उगम शेफील्डच्या या मैदानांवर एक जुना नियम रद्द झाल्यामुळे पडलेल्या खिंडारात आहे.

आडव्या खांबाचंही असंच. लंडनमध्ये १८६३ साली असोसिएशन स्थापन झाली आणि तिचे पहिले नियम ठरले, तेव्हा दोन खांबांच्या मधून चेंडू कितीही उंचीवरून गेला तरी गोल धरला जायचा. धुराड्याएवढ्या उंचीवरून गेला तरी! शेफील्डचे खेळाडू मात्र त्या दशकात आडव्या खांबाखाली गोल करत होते. विचार करा, क्रॉसबार नसता तर चेंडू बारला लागून परत येतो तो काळजाचा ठोका चुकवणारा आवाज आपण कधी ऐकलाच नसता.

३१ मार्च १८६६ रोजी शेफील्डचा संघ लंडनला बॅटरसी पार्कमध्ये खेळायला गेला. दोन्हीकडे ११ खेळाडू आणि वेळ दीड तास, असं आधीच ठरलं होतं. ओळखीचे आकडे वाटतात ना? आजचे ११ आणि आजची ९० मिनिटं! शेफील्डचा संघ तो सामना हरला. पण उडता चेंडू त्यांच्या खेळाडूंनी डोक्याने मारला, तेव्हा लंडनकरांना हसू आवरेना, असं सांगतात. डोक्याने चेंडू मारायचा! हसणाऱ्यांना काय ठाऊक की ते फुटबॉलचा पुढचा काळ बघत आहेत.

काही वर्षं दोन्ही शहरांचे नियम शेजारी शेजारी नांदले. पत्रं गेली-आली, सामने झाले, एकमेकांचं चांगलं ते उचललं गेलं. अखेर १८७७ साली शेफील्डने आणि लंडनने एकच नियमावली मान्य केली. आज कोल्हापूर, मडगाव, ब्वेनोस आयरेस, लागोस इथली पोरं एकच खेळ खेळतात, याचं एक मूळ त्या समेटात आहे. आणि त्या समेटात शेफील्डच्या शब्दाला वजन आलं ते तिथे एक नव्हे, अनेक क्लब एकमेकांशी अनेक वर्षं खेळून नियम घासूनपुसून घेत होते म्हणून. एकट्या बसून लिहिलेला नियम कागदावर छान दिसतो. तो कुठे फाटतो हे समोरचा संघच दाखवतो.

आता आजच्या सँडीगेटकडे येऊ. तिथे हजार-तेराशे माणसं मावतात, बसायला त्यातल्या जेमतेम काहीशे खुर्च्या. मैदान सपाट नाही, डोळ्यांना सहज दिसेल इतका उतार आहे. शेजारी हॅलमचं क्रिकेट अजून चालू आहे. हॅलम एफसी खेळतो नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीगमध्ये, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या प्रीमियर लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली. २०२१-२२ च्या हंगामात त्याने आपला विभाग जिंकला, तेव्हा क्रॉसपूलच्या लोकांना केवढा आनंद झाला असेल!

इतकी ऐतिहासिक जागा, आणि इतकी लहान का राहिली? मला वाटतं प्रश्न उलटा विचारायला हवा. ती टिकली कशी? मोठ्या क्लबांच्या मैदानांचं काय झालं ते बघा. आर्सेनलचं हायबरी १९१३ साली सुरू झालं, २००६ साली बंद झालं, आता तिथे सदनिका आहेत. मँचेस्टर सिटीचं मेन रोड १९२३ चं, ते २००४ साली पाडलं. जुनं वेम्बली १९२३ चं, त्याचे ते दोन प्रसिद्ध मनोरे २००३ साली जमीनदोस्त झाले. क्लब मोठा झाला की गर्दी वाढते, गर्दी वाढली की मैदान अपुरं पडतं, आणि मग जुनं पाडून नवं बांधायचा हिशेब मांडला जातो. हॅलमवर ती वेळच आली नाही. त्याला हवं होतं तेवढं सँडीगेटने कायम दिलं. जे यश इतरांच्या मैदानांना भोवलं, ते इथे आलं नाही, आणि म्हणून इथलं गवत राहिलं.

आणि पहिला क्लब? शेफील्ड एफसीची कहाणी याच्या बरोबर उलट. सर्वांत जुना क्लब, पण स्वतःच्या मैदानासाठी वर्षानुवर्षं फिरत राहिलेला. २००१ पासून तो शहराबाहेर, शेजारच्या डर्बीशर परगण्यातल्या ड्रॉनफिल्डला खेळतो. १५० वर्षं पूर्ण झाली तेव्हा, २००७ साली, इटलीचा बलाढ्य इंटर मिलान संघ त्याच्याशी खेळायला आला, पेले स्वतः पाहुणा म्हणून हजर राहिला. आणि २०११ साली क्लबाने आपली जुनी कागदपत्रं लिलावात काढली, त्यात १८५८ च्या नियमांचं हस्तलिखित होतं. त्यांना ८,८१,२५० पौंड मिळाले! टोप्यांच्या त्या अकराव्या नियमासह.

म्हणजे जगातला सर्वांत जुना क्लब एकाकडे आणि जगातलं सर्वांत जुनं मैदान दुसऱ्याकडे. नियतीने वाटणीसुद्धा अशी केली की दोघांपैकी कुणीच एकटा पुरा पडू नये. १८६० सालीही परिस्थिती तीच होती. शेफील्डकडे नियम होते, हॅलमकडे मैदान आणि हिंमत. एकत्र आले तेव्हाच सामना झाला.

आणि हे दोघं अजून एकमेकांशी खेळतात. जगातली सर्वांत जुनी ही टक्कर ‘रूल्स डर्बी’ म्हणून ओळखली जाते. जगभरातून मैदानं बघत हिंडणारे फुटबॉलवेडे त्यासाठी वाट वाकडी करून येतात. जगात प्राचीन स्थळं पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी जे घडायचं ते कधीच घडून गेलेलं असतं, आपण फक्त फलक वाचून परत येतो. सँडीगेटवर तसं नाही. तिथे शनिवारी दुपारी फाटकावर तिकीट काढून कुणालाही आत जाता येतं, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या टवाळखोर प्रेक्षकांच्याच जागी उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडता येतं. आणि चेंडू उडाला की त्या क्षणी मैदानावरच्या बावीस जणांपैकी आणि काठावरच्या शेकडोंपैकी कुणालाही ठाऊक नसतं की आज जिंकणार कोण.